पिकअप तापली की पाय दाबूनही दीड-दोन सेकंद ‘ऐकत’ नाही

राजेंद्रनगरवाला (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. इथं बहुतेक धागे पाककृतींचे नाहीतर राजकारणाचे, त्यात माझं हे ग्रीसचं बोट. पण इंदुरात मराठीतून गाडीबद्दल बोलणारे अजून कुठं शोधू, म्हणून इथंच लिहून राहिलोय.

सांवेर रोडला आमचा बटाटा वेफर्सचा छोटा कारखाना आहे. मालाला एक पिकअप. २०१८ ची, डिझेल, कॉमन रेल, टर्बो, १ लाख ६४ हजार किलोमीटर. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर धागा ‘ही घ्यायला नको होती, ती घ्यायची’ यावर जाईल.

सिग्नल हिरवा झाला, क्लच सोडला, पाय दाबला. गाडी सरकते, पण जोर शून्य. मनातल्या मनात ‘एक… दोन’ म्हणून होतं आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी एकदम निघते. गिअर बदलला की पुन्हा तेच. गंमत म्हणजे सकाळी थंड असताना शहाण्यासारखी चालते. चोइथराम मंडीतून बटाटा भरून कारखान्यापर्यंत काही तक्रार नाही. पाऊण तास पळाली, तापली, की नखरे सुरू.

आठवड्यातून दोनदा खंडवा रोडनं बडवाह-सनावदला माल टाकतो, येताना बेडियाहून मिरची भरतो. परतीला भेरू घाट चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात आणली की गाडी श्वास रोखून बसते आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवर झोपतो.

आतापर्यंतचे प्रयोग: डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, इंजेक्टर साफ करणे, आणि शेवटी मेकॅनिकनं ‘सेन्सर गेला’ म्हणून अख्खं ॲक्सिलरेटर पेडल नवीन बसवलं. एकूण १४,२०० रुपये. फरक काही नाही. इंजिनचा दिवा लागत नाही, काळा धूरही फारसा नाही. ॲव्हरेज १३ वरून ११ वर आलंय. ब्रेकही हल्ली घाटात दोन-तीनदा दाबला की कडक लागतो, पण ते वेगळं, पॅड बदलायचेच आहेत.

नवरात्र दहा दिवसांवर आलंय. उपवासाचे वेफर्स वर्षभरात सगळ्यात जास्त जातात ते याच दिवसांत. काय करू?

पोहेप्रेमी (सोमवार, रात्री १०:५५)

गाडी अस्सल इंदुरी झालीय भिया. आधी ‘हौ’ म्हणते, मग दोन मिनिटांनी उठते.

खातीवाला_टँक (सोमवार, रात्री ११:२०)

माझ्या भावाच्या गाडीला हाच त्रास होता. पेडल आणि वायरिंगच्या मध्ये लावायचा एक छोटा डबा मिळतो, ‘थ्रॉटल रिस्पॉन्स’वाला. लावला आणि गाडी चित्त्यासारखी झाली. बसवायला दहा मिनिटं.

डिझेलकाका (मंगळवार, सकाळी ६:१५)

त्या डब्याचं आधी सांगतो, म्हणजे पैसे वाचतील. तो डबा इंजिनला काहीही देत नाही. तुम्ही पेडल ३० टक्के दाबलं की तो ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) ‘५० दाबलं’ असं खोटं सांगतो, बस. गाडी निरोगी असेल तर पायाला हलकी वाटते. धागाकर्त्यांची गाडी तर ८० टक्के दाबूनही उठत नाही. तिथं खोटं सांगून काय होणार? बहिऱ्याच्या कानाशी जास्त जोरात ओरडायचं, इतकंच.

मी एकतीस वर्षं डिझेल पंपाच्या बेंचवर काढली. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून घरी बसून लोकांच्या गाड्यांचे धागे वाचतो.

थ्रॉटल हा मुळात पेट्रोलवाल्यांचा शब्द. पेट्रोल गाडीत पायानं हवेची झडप उघडते. तुमच्या डिझेलमध्ये पाय दाबणं म्हणजे फक्त अर्ज करणं. ‘मला इतका जोर हवा.’ अर्ज मंजूर करायचा की नाही ते ईसीयू ठरवतो. आत हवा किती येऊन राहिली ते तो बघतो आणि तेवढ्याच हवेला पुरेल इतकंच डिझेल सोडतो, नाहीतर काळा धूर होईल. म्हणजे पेडल ठणठणीत, पंप ठणठणीत, इंजेक्टर ठणठणीत, आणि हवा उशिरा आली तर गाडी उशिरानंच उठणार. तुम्ही चौदा हजार अर्ज लिहिणाऱ्यावर खर्च केले.

आता माझे प्रश्न. गाडी तापलेली असताना न्यूट्रलमध्ये उभी करून पेडल झटकन दाबा. आरपीएम लगेच वर जातात की तिथंही थांबून? दुसरं, रस्त्यावर जेव्हा ती ऐकत नाही तेव्हा काटा वर जातो आणि गाडी तिथंच, असं होतं का? तसं असेल तर क्लच घसरतोय, बाकी सगळं सोडा. आणि तिसरं, ब्रेकचं ‘ते वेगळं’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

राजेंद्रनगरवाला (मंगळवार, सकाळी ९:०५)

काका, धन्यवाद. न्यूट्रलमध्ये तापलेली असतानाही लगेच उठते, टिचकीसरशी. क्लच घसरत नाही, मागच्याच वर्षी बदललाय. त्या दोन सेकंदांत काटा आणि गाडी दोन्ही मंद. ब्रेकचं माझं आपलं मीच ठरवलं.

निमाडची_लेक (मंगळवार, सकाळी ९:४०)

मी बडवाहची, रोपवाटिका आहे, पिकअप स्वतः चालवते. माझ्या गाडीचा असाच उशीर ब्रेकच्या स्विचमुळे होता. पेडलवरचा छोटा स्विच अडकून राहिला की ईसीयूला वाटतं ब्रेक दाबलेला आहे, आणि ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही एकदम आले की बऱ्याच गाड्यांत तो डिझेल कापतो. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा. ब्रेकवरून पाय काढल्यावर लाल उजेड भिंतीवर उशिरा विझतो का बघा. फुकटची तपासणी.

रामबागी (मंगळवार, दुपारी १:१०)

एवढी डोकेफोड कशाला? ईजीआरला, म्हणजे धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या झडपेला, पत्रा लावून बंद करा. १ लाख ६४ हजारला तो काजळीनं भरलेलाच असणार. सगळे लावतात.

डिझेलकाका (मंगळवार, दुपारी १:३५)

सगळे रॉंग साइडनंही येतात. ईजीआर उघडा अडकला तर गाडी मंद होते हे खरं, पण मग ती थंड असतानाही थोडीफार कुरकुरेल, धूरही दिसेल. अडकला असेल तर काढून साफ करायचा. पत्रा लावणं म्हणजे प्रदूषणाच्या नियमाला बगल, वर बऱ्याच गाड्यांत दिवा लागतो तो वेगळाच. न बघता कुठलीही वस्तू बदलणं किंवा बुजवणं, यालाच तर धागाकर्त्यांचे चौदा हजार गेले.

रामबागी (मंगळवार, दुपारी १:५०)

मी फक्त सुचवलं काका. चिडू नका, जेवून घ्या.

बडोदेकर (मंगळवार, रात्री ८:२०)

बडोद्याहून. गाडीचा मेकॅनिक नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, पण या विषयात हात काळे केलेत.

पेडलबद्दल थोडं. बहुतेक गाड्यांत पेडलमध्ये एकाऐवजी दोन सेन्सर असतात आणि बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा असतो. ईसीयू सतत दोघांची जुळणी बघतो. जुळलं नाही की दिवा लागतो आणि गाडी बळ काढून घेते. तुमचा दिवा लागत नाही, न्यूट्रलमध्ये गाडी लगेच उठते, म्हणजे जुनं पेडल बहुधा चांगलंच होतं. फेकू नका.

ईसीयूचे आकडे मोबाईलवर दाखवणारा साधा ओबीडी डोंगल घ्या. स्वस्तातला चालतो, फक्त त्याची गंमत अशी की तो सेकंदाला दोन-चारच आकडे आणतो. स्क्रीनवर वीस गोष्टी लावल्या तर प्रत्येक आकडा शिळा. चारच लावा: पेडल, आरपीएम, रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब), आणि मॅनिफोल्डचा दाब म्हणजे मॅप. रस्ता तोच, गिअर तोच, आरपीएम तेच. एकदा थंड गाडीत, एकदा तापलेल्या. आकडे शेजारी बसलेल्यानं टिपायचे, चालवणाऱ्यानं नाही.

आणि सुरुवातीला इंजिन बंद, फक्त चावी चालू ठेवून मॅप बघा. तेव्हा तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, तिथं ९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. ८० किंवा ११० आला तर सेन्सरच खोटं बोलतोय.

राजेंद्रनगरवाला (गुरुवार, रात्री ९:१५)

उशिराबद्दल माफी. आज पहाटे सुपर कॉरिडॉरवर, आणि मग गाडी बायपासवरून तासभर फिरवून पुन्हा तिथंच. भाचा शेजारी मोबाईल घेऊन. त्याला गेमपेक्षा यात मजा आली म्हणे.

ब्रेकचा दिवा भिंतीवर बघितला, लगेच विझतो. म्हणजे स्विच नाही.

चावी चालू, इंजिन बंद: मॅप ९५. बडोदेकर, तुमच्या पायाशी यायला हवं.

तिसरा गिअर, १४०० आरपीएम, पेडल एकदम ८० टक्के. थंड गाडीत मॅप १०४ वरून साधारण सेकंदात १७५ पर्यंत. तापलेल्या गाडीत पेडलचा आकडा तसाच लगेच ८०, रेल प्रेशरही पेडलच्या मागोमाग चढतं, पण मॅप १०४, १०८, ११३, ११९ असं सरपटत जातं. २१०० आरपीएमच्या पुढं गेलं की एकदम १८० आणि तेव्हाच तो मागून धक्का.

डिझेलकाका (गुरुवार, रात्री ९:५०)

झालं. तुमची गाडी आजारी नाही, तिला दम लागतोय. अर्ज वेळेवर जातो, डिझेल तयार आहे, हवाच येत नाही.

आता हवा न येण्याचे दोन मार्ग. एक, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) हवा भरतो पण वाटेत गळते: इंटरकूलरचा, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीचा, होज फाटला, क्लॅम्प सैल. दुसरा, टर्बोच हवा भरत नाही. यातला फरक धुरावरून कळतो. हवा मोजणारा सेन्सर पाइपच्या सुरुवातीला, एअर फिल्टरजवळ असतो. मोजून झालेली हवा पुढं गळाली तर ईसीयूला वाटतं आत गेली, तो त्या हिशेबानं डिझेल ओततो आणि मागून काळे ढग. पण टर्बोनं हवा ओढलीच नाही तर मोजमापच कमी येतं, ईसीयू हात आखडता घेतो. धूर नाही, फक्त रुसवा. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलंत, धूर फारसा नाही. तरी होजवर साबणाचं पाणी मारून क्लॅम्प बघून घ्या, खात्री झालेली बरी.

माझा संशय टर्बोच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीवर आहे. तुमच्या गाडीत टर्बोच्या गरम बाजूला हलणाऱ्या पात्या असतील तर (२०१८ च्या बऱ्याच पिकअपमध्ये असतात) त्या कमी आरपीएमला मिटलेल्या लागतात, म्हणजे थोडासा धूरही जोरात फिरकीवर आदळतो आणि टर्बो लवकर उठतो. त्या मिटवायचं काम पत्र्याच्या डबीसारखा एक ॲक्च्युएटर करतो, त्याच्या आत रबरी पडदा, आणि त्याला ओढतो व्हॅक्यूम. व्हॅक्यूम कमी पडला की पात्या उघड्याच राहतात. खाली दम नाही, पण आरपीएम वाढले, धुराचा लोट वाढला की उघड्या पात्यांतही टर्बो फिरतो. २१०० ला तुमच्या पाठीत बसणारा धक्का तो हाच.

आणि आता ब्रेक. हा व्हॅक्यूम कुठून येतो? त्याच पंपातून, जो तुमच्या ब्रेकच्या बूस्टरला (पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या डब्याला) ओढतो. बूस्टरला एकतर्फी झडप असते, म्हणून पहिला-दुसरा दाब मऊ लागतो. पण साठा भरून यायला वेळ लागला की तिसऱ्याला पेडल दगड. तुमचे दोन्ही आजार एकाच नळीचे असू शकतात. हे निस्तरेपर्यंत भेरू घाट उतरायचा नाही. माल दुसऱ्या गाडीनं पाठवा. याच्यावर मी हो-नाही ऐकून घेणार नाही.

निमाडची_लेक (गुरुवार, रात्री १०:०५)

काकांना +१. त्या घाटात रिकामी गाडीसुद्धा पळ काढते. शनिवारी मी इंदूरला मोगऱ्याची रोपं घेऊन येतेय, परत रिकामीच जाणार. माल द्या, सनावदपर्यंत टाकते.

राजेंद्रनगरवाला (गुरुवार, रात्री १०:१२)

ताई, काय बोलू. व्यक्तिगत निरोप पाठवतो. काका, घाट बंद.

बडोदेकर (गुरुवार, रात्री १०:३०)

दिवा का लागला नाही याचा अंदाज: टर्बोचा दाब कमी पडल्याचा कोड असतो, पी ०२९९. पण ईसीयू एका क्षणाच्या घसरणीवर तो नोंदवत नाही, कमतरता काही वेळ टिकावी लागते. तुमचा दाब उशिरा का होईना येतो, म्हणून तो गप्प.

डिझेलकाका (शुक्रवार, सकाळी ६:०५)

उद्याचा अभ्यास. बॉनेट उघडून टर्बोच्या ॲक्च्युएटरचा रॉड शोधा, दोन-तीन इंचांची सळई असते. एकानं स्टार्ट मारायचा, दुसऱ्यानं रॉड बघायचा. इंजिन लागताच तो पूर्ण आत ओढला गेला पाहिजे, बंद केल्यावर परत यायला पाहिजे. थंडीत आणि तापल्यावर, दोन्ही वेळा. बोटं लांब ठेवा, तापलेला टर्बो म्हणजे तवा.

रॉड ओढला गेला नाही तर लगेच टर्बो बदलायला धावू नका. ॲक्च्युएटरची नळी काढून मोठी सिरिंज लावा, ओढा. रॉड गुळगुळीत सरकून तिथंच थांबला तर पडदा आणि पात्या ठीक. ओढून सोडल्याबरोबर परत आला तर पडदा फाटलाय. अडखळत आला तर पात्यांत काजळी.

राजेंद्रनगरवाला (शनिवार, दुपारी ४:२०)

सविस्तर लिहितो.

थंड: स्टार्ट मारताच रॉड टक् करून पूर्ण आत. मग तासभर फिरवून आणली. तापलेली: रॉड निम्म्यावर येऊन थांबला. थरथरत होता. मी बाबांना चावीवर बसवलं होतं, वय चौऱ्याहत्तर, ते म्हणाले, “अरे, कुकरची शिट्टी यायच्या आधी होतं ना, तसं काहीतरी येतंय.” मला इंजिनच्या आवाजात काही ऐकू येईना. ते उतरले, काठी टेकत आले, आणि कान डाव्या बाजूला नेऊन म्हणाले, “इथं.” ऐकायला कमी येतं अशी त्यांची तक्रार असते, निदान मी औषधं आणायचं सांगतो तेव्हा तरी.

सिरिंज औषधाच्या दुकानातून साठ मिलीची आणली. ॲक्च्युएटरला लावून ओढली, रॉड आला आणि थांबला. पडदा ठीक. बडोदेकरांनी सांगितलं नव्हतं तरी सियागंजातून व्हॅक्यूमचा गेज आणला. पंपाच्या तोंडाशी, तापलेल्या गाडीत, ६४० मिमी. आणि मॉड्युलेटरच्या (ॲक्च्युएटरला किती व्हॅक्यूम द्यायचा ते ठरवणाऱ्या झडपेच्या) अलीकडे ३९०. म्हणजे पंप चांगला, मधल्या दीड हातात गळती.

पंपातून नळी निघते, तिला प्लास्टिकचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. एक फाटा ब्रेकच्या बूस्टरला, दुसरा टर्बोच्या मॉड्युलेटरला. हा दुसरा फाटा ईजीआर कूलरच्या ब्रॅकेटला चिकटून जातो. वरून बघितलं तर नळी नव्यासारखी. हात खाली घालून बोट फिरवलं तर नखाएवढी चीर. नळी वाकवली की चीर ओठासारखी उघडायची, सरळ केली की मिटायची. थंड असताना रबर ताठ, चीर मिटलेली. तापलं, मऊ झालं, की उघडी. एवढ्याशा फटीसाठी मी अख्खं पेडल बदललं.

तात्पुरती म्हणून घरात फिश टँकची पारदर्शक नळी पडलेली होती, ती लावली. रॉड पूर्ण आत. एक फेरी मारली, गाडी उडतेय. काका, तुमच्या तोंडात साखर!

पोहेप्रेमी (शनिवार, दुपारी ४:४५)

साखर नको, जीरावण (पोह्यांवरचा मसाला) टाका. अभिनंदन.

डिझेलकाका (शनिवार, सायंकाळी ५:१०)

बाबांना माझा नमस्कार सांगा. पण ती माशांची नळी काढा. आत्ता काढा.

राजेंद्रनगरवाला (रविवार, सकाळी ११:३०)

काका, काल तुमचं वाचलं, पण म्हटलं सोमवारी दुकानं उघडल्यावर बघू. आज गाडी तासभर चालवली आणि पुन्हा तेच, किंबहुना जास्तच. बॉनेट उघडलं तर ती पारदर्शक नळी गरमीनं लोळागोळा होऊन आत ओढली गेलेली, चपटी, कोल्ड्रिंकची स्ट्रॉ जोरात ओढल्यावर होते तशी.

डिझेलकाका (रविवार, दुपारी १२:०५)

म्हणून म्हटलं होतं. ज्या नळीत पाणी किंवा हवा बाहेर ढकलायची असते तिला फुगू नये एवढंच जमावं लागतं. व्हॅक्यूमच्या नळीला आत दबू न देता उभं राहायचं असतं, आणि तेही इंजिनच्या गरमीत. जाड भिंतीची, व्हॅक्यूमसाठीचीच रबरी नळी मागा. आतला व्यास जुन्या नळीचा तुकडा नेऊनच जुळवा. डिझेलची नळी, टायरची ट्यूब, पाण्याची नळी, काही नको. आणि फक्त चिरलेला तुकडा नाही, पंपापासून मॉड्युलेटरपर्यंत आणि तिथून ॲक्च्युएटरपर्यंत सगळी बदला. एकाच वयाच्या नळ्या एकाच वर्षी म्हाताऱ्या होतात. प्लास्टिकचा टी पण नवा. जिथं ब्रॅकेटला घासते तिथं वर जुन्या नळीचा तुकडा चिरून म्यानासारखा चढवा, वर केबल टाय.

बडोदेकर (रविवार, दुपारी १:००)

गेजबद्दल एक. समुद्राकाठच्या गावातले व्हिडिओ बघून कुणी ‘७०० मिमी आलंच पाहिजे’ म्हणेल. तिथं हवेचा दाबच ७६० मिमी असतो. इंदुरात तो ७१० च्या आसपास, त्यामुळे पंपाला ६४० मिळालं तर पंपाला नावं ठेवू नका.

राजेंद्रनगरवाला (बुधवार, रात्री १०:००)

सियागंजातून अडीच मीटर नळी, टी, दोन क्लिपा. ३१० रुपये. सोमवारी संध्याकाळी मी नि भाच्यानं बसवली. म्यानही चढवली.

काल परीक्षा. बेडियाहून मिरची भरून भेरू घाट. उतरताना मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक पाच वेळा दाबून बघितला, पाचही वेळा मऊ. येताना चढावर त्याच वळणावर, जिथं मागचे ट्रकवाले मला ओळखायला लागले होते, तिसऱ्यातून दुसऱ्यात आणली आणि पाय दाबला. गाडी उठली. भाच्यानं मोबाईल बघून सांगितलं, मॅप १७० च्या वर, सेकंदाच्या आत. तापलेली असताना.

तरी एक विचारायचं होतं. अगदी खालून, १२०० आरपीएमला पाय दाबला तर अजून अर्धा सेकंद जातो असं वाटतं. हे पण काही आहे का?

डिझेलकाका (गुरुवार, सकाळी ६:१०)

ते टर्बोचं आहे, त्याला असू द्या. फिरकीला वेग घ्यायला तेवढा वेळ लागतोच. १२०० ला भरलेल्या गाडीचा कान पिळण्यापेक्षा एक गिअर खाली घ्या. आणि मॅप सेन्सर एकदा काढून त्यावरची काजळी सेन्सर क्लीनरनं धुवा. ब्रश लावू नका.

निमाडची_लेक (गुरुवार, सकाळी ८:३०)

काल मी पण माझी नळी चाचपली. ब्रॅकेटपाशी मऊ लागली. आजच बदलते. आणि तुमचे क्रेट सनावदला पोचले, पण त्यातलं एक पाकीट वाटेत फुटलं. उपवासाचं होतं, मी नव्हते उपवासाला.

राजेंद्रनगरवाला (गुरुवार, सकाळी ८:५०)

ताई, तुमच्यासाठी अख्खा क्रेट आहे.

आणि मंडळी, जुनं पेडल माझ्याकडे पडलंय, दोन्ही सेन्सर चालू, बडोदेकरांच्या पद्धतीनं व्होल्टेज मोजून बघितले, दुसरा बरोबर पहिल्याच्या निम्मा. मेकॅनिक परत घेत नाही म्हणतो. कुणाला हवं असेल तर कळवा. बाबा म्हणतात, शिलाई मशीनला लावून बघ.